नागिणीची पुंगी आणि व्हॉल्व्हचा सूर



खानदेशात लग्नसराई सुरू झाली की अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, कुठल्याही गावी जा, वरात निघाल्यावर घटकाभरातच एक फर्माईश होते. “नागीन वाजाडा रे भो!” बँडवाला मान डोलावतो आणि ती ओळखीची धून सुरू होते. कोणी रुमालाचे टोक दातात धरून गारुडी होतो, कोणी जमिनीवर लोळून नाग होतो. नवरदेवाच्या मामापासून शेंबड्या पोरापर्यंत साऱ्यांना ती धून पाठ. आपण कोणाला विचारले, की बाबा, हे मूळचे कोणते वाद्य? तर तो चटकन उत्तर देईल, “पुंगी! दुसरं काय?”

परंतु मौज अशी की, ज्या बोलपटातून ही धून घरोघर गेली, त्यात ती पुंगीवर वाजलेलीच नाही. ती वाजली विजेवर. काचेच्या व्हॉल्व्हमधून ती जन्मली, ॲम्प्लिफायरमधून मोठी झाली आणि कर्ण्यातून बाहेर पडली. एका सुराला स्वतःची ओळख कशी मिळते, त्यात वाद्याचा वाटा किती, यंत्राचा किती आणि माणसाच्या हाताचा किती, हा आजचा आपला विषय आहे. विषय गाण्याबजावण्याचा वाटला, तरी त्यात इतिहास आहे, थोडे विज्ञान आहे, आणि आपल्या गावातल्या काही माणसांच्या पोटाचा प्रश्नही आहे.

प्रथम खरी पुंगी पाहू. एक वाळलेला भोपळा, त्याच्या बुडाशी मेणाने बसवलेल्या दोन नळ्या, आणि प्रत्येक नळीत एक थरथरणारी पत्ती. एक नळी सतत एकच सूर धरून ठेवते, दुसरीवर बोटे फिरतात. गारुडी गालात हवा साठवतो आणि नाकाने श्वास घेत घेत वाजवतो. त्यामुळे त्याच्या वाजवण्यात खंड पडत नाही. सूर नाकातून आल्यासारखा, चिरका, पण मनाला धरून ठेवणारा. नाग मात्र त्या सुरावर डोलतो असे म्हणणे खरे नव्हे. त्याला बाहेरचे कान नाहीत. गारुड्याच्या हाताच्या आणि पुंगीच्या हालचालीवर त्याची नजर असते, आणि त्या हालचालीमागे तो डोलतो. सूर माणसांसाठी असतो.

आता १९५४ सालात येऊ. मुंबईच्या फिल्मिस्तान संस्थेचा ‘नागिन’ हा बोलपट त्या वर्षी पडद्यावर आला. वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार त्यात होते, संगीत हेमंतकुमारांचे होते, गाणी लताबाईंच्या आवाजात. कथाच नागांच्या आणि पुंगीच्या भोवती फिरणारी. तेव्हा पुंगी हवीच. पण चित्रपटाच्या वाद्यवृंदात खरी पुंगी बसवणे अवघड असते. तिचा सूर हवा तसा चढवता उतरवता येत नाही, पट्टी बदलता येत नाही, आणि धरलेला सूर साऱ्या गाण्याला चिकटून राहतो. हेमंतकुमारांच्या हाताशी दोन माणसे होती. एक कल्याणजी वीरजी शहा, कच्छातून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या दुकानदाराचे चिरंजीव, जे पुढे धाकट्या भावासह कल्याणजी-आनंदजी या जोडनावाने प्रसिद्ध झाले. दुसरे रवि, त्या वेळी हेमंतकुमारांचे साहाय्यक, पुढे स्वतंत्र संगीतकार. कल्याणजींनी क्लेव्हियोलिन नावाचे विजेचे वाद्य घेतले, रवि यांनी हार्मोनियम धरली, आणि दोघांनी मिळून जी पुंगी वाजवली ती सत्तर वर्षे झाली तरी थांबलेली नाही.

हे क्लेव्हियोलिन म्हणजे काय? फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या माणसाने १९४७ साली ते तयार केले. पेटीसारख्या पट्ट्या, पण लहानशा, जेमतेम तीन सप्तकांच्या. आत भाता नाही, तार नाही, पत्ती नाही. आत व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या मंडलात विजेची आंदोलने निर्माण होत, ती पट्टीप्रमाणे जलद वा मंद होत, आणि ती ॲम्प्लिफायरने वाढवून कर्ण्याला दिली की सूर ऐकू येई. ॲम्प्लिफायर आणि कर्णा यांची पेटी वेगळी असे. पट्ट्यांच्या पुढे लहान लहान खटके होते. एक दाबला की सूर बासरीसारखा, दुसरा दाबला की व्हायोलिनकडे झुकणारा, आणखी एकाने सुराला कंप येई. आवाज कमीजास्त करण्यासाठी गुडघ्याने सरकवण्याची दांडी होती. आणि एक मर्यादा होती. एका वेळी एकच सूर वाजे.

हीच मर्यादा येथे कामाला आली. पुंगीच्या धूनेच्या नळीवरही एका वेळी एकच सूर वाजतो. पुंगीला श्वासाचा खंड नाही, क्लेव्हियोलिनला तर श्वासच नाही. पुंगीचा सूर थरथरतो, येथे कंपाचा खटका होता. राहिला प्रश्न त्या चिरक्या, नाकातल्या गुणाचा. तो कोठून आला, हे समजून घ्यायला आपल्याला क्षणभर तंबोऱ्याकडे वळावे लागेल.

शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. तंबोऱ्याची एक तार छेडली की एकच सूर येतो असे आपल्याला वाटते. तसे नसते. तार सबंध हलते, त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलत असते. सबंध तार सेकंदाला १०० वेळा हलत असेल तर त्याबरोबर २००, ३००, ४०० अशी आंदोलनेही अंगची असतात. या सोबतच्या सुरांपैकी कोणता किती जोरकस, यावर आवाजाची जात ठरते. म्हणून तोच षड्ज बासरीवर, सनईवर आणि आईच्या गळ्यात वेगवेगळा ओळखू येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जव्हारी लावतात. त्याने तार घोडीच्या पृष्ठभागाला किंचित घासते आणि सोबतचे सूर उमलून येतात. दोरा काढा, तोच तंबोरा मुका वाटेल. आपल्या मिरजेच्या कारागिरांनी या विद्येत शतकाहून अधिक काळ घालवला. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, आणि तो वारसा आजही चालू आहे. तारेच्या कंपनात मुद्दाम थोडी खरखर आणून तिला तेज देणे, ही युक्ती आपल्याकडे विजेच्या कितीतरी आधीपासून होती, हे ध्यानात ठेवावे.

क्लेव्हियोलिनमधली आंदोलने मुळात गुळगुळीत नव्हती. ती काटेरी होती, सोबतच्या सुरांनी भरलेली. खटके दाबून त्यांतले काही गाळायचे, काही ठेवायचे, एवढेच काम उरे. पुंगीतल्या पत्तीचा सूरही असाच काटेरी. योग्य खटके सापडले, आणि त्यावर कल्याणजींच्या बोटांतल्या मुरक्या आल्या, तेव्हा फ्रान्सच्या यंत्राने गारुड्याचे सोंग हुबेहूब घेतले. पुढे १९६२ साली इंग्लंडमधल्या टोर्नेडोज या वाद्यवृंदाने याच वाद्यावर ‘टेलस्टार’ ही कृत्रिम उपग्रहाच्या नावाची धून वाजवली, आणि ती तिकडे गाजली. तेच यंत्र, तेच व्हॉल्व्ह. एकाच्या हातात ते वारुळातून निघाले, दुसऱ्याच्या हातात आकाशात गेले.

येथे ॲम्प्लिफायरची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली तीन भागांचा व्हॉल्व्ह बनवला. लहानसा विजेचा इशारा आत दिला तर मोठा होऊन बाहेर येतो, हा त्याचा गुण काही वर्षांनी नीट उमगला. १९१५ च्या डिसेंबरात सान फ्रान्सिस्को येथे जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी कर्ण्यातून भाषण व संगीत हजारो लोकांना ऐकवले. १९१९ साली अध्यक्ष विल्सन सान डिएगोला त्याच साधनाने बोलले. म्हणजे हे यंत्र आले ते बोलण्याचा चाकर म्हणून. मालक बोलेल तेच मोठ्याने सांगावे, स्वतःचे काही मिसळू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

आपल्या देशातही तसेच झाले. मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनी राष्ट्रीय चळवळीच्या सभांना कर्णे आणि मायक्रोफोन पुरवण्याचे काम अंगावर घेतले. जुन्या छायाचित्रांत गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या पुढे मायक्रोफोनवर त्या पेढीच्या नावाची पाटी दिसते. आपल्या खानदेशात फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यापूर्वी सभेतला वक्ता म्हणजे ज्याचा गळा मोठा तो. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला काही ऐकू जात नसे, तो केवळ दर्शनाला आलेला असे. कर्ण्याने त्याला श्रोता केले. हे उपकार लहान नव्हेत. अमळनेरसारख्या गिरणीच्या गावात ‘भोंगा’ या शब्दाचा अर्थ एकेकाळी पाळीवर बोलावणारा गिरणीचा आवाज असा होता. पुढे तोच शब्द माणसाचा आवाज लांब नेणाऱ्या कर्ण्यालाही लागला.

परंतु चाकराने मालकाच्या बोलण्यात स्वतःचा शब्द घालायला लवकरच सुरुवात केली. ही गोष्ट गिटार या वाद्याच्या संगतीने घडली. गिटारचा आवाज मुळात नाजूक. वाद्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे तो बुडून जाई. १९३०च्या आसपास अमेरिकेत जॉर्ज बोशाँ याने तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज हलते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते. याला पिकअप म्हणतात. हेतू एवढाच, की आवाज मोठा व्हावा. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याने १९४६ साली स्वतःचा कारखाना काढला आणि गिटार व ॲम्प्लिफायर दोन्ही बनवू लागला. तो स्वतः गिटारवादक नव्हता. रेडिओच्या दुकानातून संगीताचे एक युग निघाले, हे आपल्या गावातल्या रेडिओ-मिस्त्रीने ऐकावे असे आहे.

मग १९५१ साली एक अपघात झाला. आयक टर्नरचा वाद्यवृंद ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी मेंफिसला निघाला असता वाटेत गिटारच्या ॲम्प्लिफायरची नासधूस झाली. दुसरा आणायला वेळ नव्हता. फाटलेल्या कर्ण्याच्या कागदात कागद कोंबून काम भागवले. आवाज फाटका, घरघरणारा निघाला, आणि लोकांना तोच आवडला. १९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस या तरुणाने तर कर्ण्याचा कागद मुद्दाम पात्याने चिरला. हे का आवडले असावे? ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त काम दिले की तो लाटेची शेंडी छाटतो. गोल डोंगर सपाट पठार होतो. छाटलेल्या लाटेत सोबतचे सूर एकदम वाढतात. म्हणजे जव्हारीने जे तंबोऱ्यात केले, तेच येथे दमलेल्या व्हॉल्व्हने केले. एक घोडीवर, दुसरे विजेत.

या विद्येची दुसरी एक कथा आपल्या सह्याद्रीशी दुरून जोडलेली आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नाशीच्या दशकात फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा शिकत होता. शाळेतल्या पोरांनी एक वाद्यवृंद काढला होता, त्यात तो पियानो वाजवी. पुढे इंग्लंडात तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. त्याच्या क्वीन या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे. या मेच्या गिटारचा सूर लाखात ओळखू येतो. कित्येकदा तो गिटारचा न वाटता व्हायोलिनांच्या मेळ्याचा वाटतो. हा सूर त्याने दुकानातून विकत आणला नाही. १९६३ सालापासून बाप आणि लेक यांनी मिळून घरीच गिटार घडवली. लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. आत मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, आणि सूर थरथरवण्याच्या दांडीला टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. तार छेडायला तो सहा पेन्सचे नाणे वापरी. ॲम्प्लिफायर व्हॉक्स कंपनीचे, व्हॉल्व्हवर चालणारे, पूर्ण जोरात लावलेले. त्यापुढे उंच सुरांना जोर देणारी एक लहान डबी. आणि एक ॲम्प्लिफायर तर सोबती जॉन डीकन याने कचऱ्यात सापडलेल्या मंडलातून जुळवलेला, इवलासा! तारेपासून कर्ण्यापर्यंत प्रत्येक पायरीने आपला थोडा थोडा रंग दिला, तेव्हा तो सूर तयार झाला. शेतकऱ्याला हे नवे नाही. बियाणे, माती, पाणी आणि हात, चारही वेगळे असले की त्याच वाणाच्या कणसाची चव वेगळी.

आता पुन्हा ‘नागिन’कडे येऊ, कारण तिच्या प्रवासात रेडिओचाही भाग आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते संगीताचे जाणकार होते, शास्त्रीय संगीत घरोघर जावे ही त्यांची तळमळ होती. पण त्याबरोबर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. कोलंबोहून लघुलहरींवर येणारी ती गाणी आपल्या मुलखातही ऐकू येत. १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती सुरू झाली तेव्हा ही गाणी परत घरी आली. ‘नागिन’ नेमकी या मधल्या पाच वर्षांतली. म्हणून देशी पुंगीचे सोंग घेतलेला तो विलायती सूर, समुद्रापलीकडच्या केंद्रावरून, चढत-उतरत, खोल जात आणि पुन्हा वर येत, कित्येकांच्या कानी पहिल्याने पडला असेल.

लघुलहरींवरचा तो चढउतार जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. रेडिओच्या लाटा आकाशातल्या उंच थरांवर आपटून खाली येतात. दोन वाटांनी आलेल्या लाटा कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना मारतात, म्हणून आवाज असा हेलकावे खातो. आपण त्याला दोष मानला आणि काटा फिरवत बसलो. पण जपानात फुमिओ मिएदा नावाच्या अभियंत्याला मॉस्कोहून येणाऱ्या रेडिओच्या अशाच हेलकाव्यात संगीत दिसले. त्याने एक पेटी बनवली. तिच्या आत एक दिवा लुकलुकतो, भोवतीच्या प्रकाशग्राही घटकांवर त्याचा उजेड पडतो, आणि गिटारचा सूर लघुलहरींसारखा हेलकावे खातो. १९६९ च्या ऑगस्टात अमेरिकेत वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्सने सकाळच्या वेळी आपल्या राष्ट्रगीताची धून गिटारवर वाजवली, तेव्हा ही पेटी त्याच्या पायाशी होती आणि पाठीशी मार्शलचे ॲम्प्लिफायर होते. दूरच्या केंद्राची खरखर एका माणसाने दोष म्हणून ऐकली, दुसऱ्याने सूर म्हणून. कान तयार असणे याचे नाव हेच.

आपल्या महाराष्ट्रातही असे तयार कान होते. जपानात १९१२ साली नागोया येथे गोरो मोरिता याने टंकलेखन यंत्राच्या कळांवरून कल्पना घेऊन तारांचे एक वाद्य केले. ते आपल्याकडे आले आणि बुलबुल तरंग झाले. मुलांच्या खेळण्यात जमा झालेले ते वाद्य महाराष्ट्रातल्या वादकांनी उचलले, त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायर जोडला आणि नाव दिले बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नात, बेंजो पार्टीचा तो खणखणीत, किंचित फाटलेला सूर ऐकला की पाय आपोआप हलतात. हा सूर कुठल्या कंपनीने विकलेला नव्हे. गल्लीतल्या मिस्त्रीने आणि वादकाने मिळून तो जमवला. लिओ फेंडरने जे कॅलिफोर्नियात केले त्याच जातीचे हे काम.

आणि आपल्या खानदेशच्या बँडने पुढची पायरी गाठली. गाडीवर भोंगे चढले, जनरेटर आला, सनईच्या आणि पितळी वाद्यांच्या जोडीला कळांचे विजेचे वाद्य आले. डांगच्या सीमेवरच्या आदिवासी बांधवांची पावरी, भोपळ्याची आणि बांबूची, तीही आता या कळांवर वाजते. अहिराणी गाणी वाजतात. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ‘नागिन’च्या पुंगीमागे जे दोघे होते, त्या दोघांनीच पुढे वरातीला तिची गाणी दिली. ‘आदमी सडक का’ या १९७७ च्या चित्रपटातले मित्राच्या लग्नाचे गाणे रवि यांचे, आणि १९६८ च्या ‘नीलकमल’मधले मुलीच्या पाठवणीचे गाणेही त्यांचेच. ‘सच्चा झूठा’ या १९७० च्या चित्रपटातले बहिणीच्या लग्नाचे गाणे कल्याणजी-आनंदजींचे. वरातीत बँडवाला ओळीने ही गाणी वाजवतो तेव्हा त्याच दोन माणसांच्या घरून तो फिरत असतो.

येथे कोणी शंका घेईल, की मग हे सारे खोटेच नव्हे काय? पुंगी खोटी, पावरी खोटी, खऱ्याच्या जागी यंत्र बसले. शंका रास्त आहे. तिला इतिहासाने उत्तर दिलेले आहे. हार्मोनियम विलायतेहून आली, तिच्यावर श्रुती निघत नाहीत म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला बाहेरची वाट दाखवली, आणि १९७१ मध्ये पुन्हा आत घेतले. मधल्या काळात आपल्या भजनी मंडळांनी आणि कीर्तनकारांनी तिला कधी सोडले नाही. ती आज विलायती आहे असे कोणी म्हणत नाही. वाद्य कोठून आले यावर ते खरे की खोटे हे ठरत नाही. ते वाजवणाऱ्याने त्यात जीव घातला की नाही, यावर ठरते. कल्याणजींच्या बोटांत पुंगी होती म्हणून यंत्रातून पुंगी निघाली. नुसते खटके दाबून ती निघाली नसती. गारुड्याचे मात्र आपण देणे लागतो. त्याचा सूर साऱ्या देशाने घेतला. पुढे वन्यजीवांच्या १९७२ च्या कायद्याने सापाचा खेळ बंद झाला, ते सापांच्या दृष्टीने योग्यच झाले, पण सूर ज्याचा होता त्याच्या हाती काही राहिले नाही.

आणि आज हीच पाळी बँडवाल्यावर आली आहे. वरातीपुढे आता पुष्कळदा कर्ण्यांची भिंत चालते. तिला आपण डीजे म्हणतो. त्या भिंतीत ॲम्प्लिफायर पूर्वीच्या कितीतरी पट मोठे आहेत, परंतु तेथे कोणी वाजवत नाही. तबकडीच्या जागी आलेल्या यंत्रातून तयार गाणे सुटते. आजवर पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीत, कल्याणजींच्या, मेच्या, बेंजोवाल्याच्या, तारेपासून कर्ण्यापर्यंत कोठेतरी माणसाचा हात होता. येथे तो फक्त बटणावर उरला. दहा-बारा वादकांच्या ताफ्याचे काम एक गाडी करू लागली, की त्या दहा-बारा घरांत पावसाळा कसा काढायचा हा प्रश्न उभा राहतो. कळांवर पावरी वाजवणाऱ्या मुलाला शिकवणारा गुरू कोण उरेल, हा दुसरा प्रश्न.

तिसरा प्रश्न कानांचा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, दवाखाने, न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांततेचा ठरवता येतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे लावायला एरवी बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे नियम कसोशीने पाळण्यास सांगितले. आता हिशेब करा. ५५ च्या जागी कर्ण्यांच्या भिंतीने ९५ डेसिबल केले, तर आवाजाची शक्ती चौपट झाली नाही, दहा हजार पट झाली. कानाच्या आत जे बारीक केसांसारखे तंतू असतात ते एकदा मोडले की पुन्हा उगवत नाहीत. ज्याला सूर ऐकू येईनासा झाला, त्याला नागीन काय आणि भैरवी काय!

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिक्षकांनी वर्गात एक दोरा, दोन आगपेट्या, एक कागदाचा कर्णा आणि मिळाला तर गावातला एक तंबोरा घेऊन आवाजाचा धडा शिकवावा. रेडिओ-मिस्त्रीला एक तास शाळेत बोलवावे. जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह त्याच्याकडे अजून असेल, तो पोरांच्या हाती द्यावा. आणि लग्नघरच्या मंडळींनी वरात ठरवताना वाजवणारी माणसे असलेला ताफा बोलवावा. सुपारी देताना भोंगे किती हे विचारण्याऐवजी वादक किती हे विचारावे. ॲम्प्लिफायर वाईट नाही. त्याने शेवटच्या रांगेतल्या माणसाला श्रोता केले, गारुड्याच्या सुराला देशभर नेले, आणि तो स्वतः एक वाद्य होऊन बसला. फक्त त्याच्या मागे कोणीतरी वाजवत असले पाहिजे, एवढी काळजी घेणे आपल्या हातचे आहे.